चौदा खिशांचा कोट

३ फेब्रुवारी, मंगळवार (छापलंय सोमवार)

ही डायरी गेल्या वर्षीची. कुठल्याशा विमान कंपनीने मामाला दिली, मामाने वर्षभर उघडलीही नाही, म्हणून माझ्या वाट्याला आली. रोजचा वार खोडून पुढचा लिहावा लागतो. मामा म्हणाला, "डोकं तापलं की गिऱ्हाइकावर काढू नकोस, यात काढ." म्हणून लिहितोय. मला डायरीबियरीची हौस नाही.

कॉलेज सोडून चार महिने झाले. सरांनी भर वर्गात माझं जर्नल वर धरून विचारलं, हे कुणाच्या अक्षरातलं? माझ्याच होतं. मी ते त्यांच्या हातातून घेतलं, खिडकीतून बाहेर टाकलं आणि त्याच्यामागोमाग दारातून मीही बाहेर पडलो. तेव्हापासून बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात आणि आईने मला तिच्या भावाच्या ट्रॅव्हल ऑफिसात बसवलंय. दोन टेबलं, मामाच्या दिशेला वळलेला एक पंखा, समुद्राचा रंग उडालेला एक पृथ्वीगोल आणि खिळ्याला सुतळीने टांगलेली चुकांची वही.

ही वही म्हणजे मामाचं खूळ आहे. ऑफिसात ज्याच्या हातून चूक होईल त्याने ती स्वतःच्या अक्षरात त्यात लिहायची. रकाने तीन: चूक, कशी कळली, आणि तिसऱ्यात ज्या गिऱ्हाइकाला त्रास झाला त्याने त्याच्या हाताने काय वाटेल ते लिहायचं. पहिली चूक मामाचीच आहे. नवीन लग्न झालेल्या जोडप्याला त्याने एकाच दिवशी दोन वेगळ्या शहरांना पाठवलं होतं. तिसऱ्या रकान्यात लिहिलंय, "चार दिवसांनी भेटलो. आता बरं आहे." एकूण एकेचाळीस चुका आहेत. माझी एकही नाही. येणारही नाही.

आज समोरच्या दुकानात पासपोर्टचा फोटो काढला. ट्रॅव्हल ऑफिसातल्या माणसाकडे स्वतःचा पासपोर्ट नाही, हे मामाला बरं दिसत नाही. समोरचं दुकान एकच, पण मधे हिरवा पडदा आहे. पडद्याच्या अलीकडे फोटो, पलीकडे शिवणकाम. पलीकडे शिंपीकाका, अलीकडे त्यांची मुलगी. कॉलर नसलेलं कुणी फोटोला आलं, की काका पडद्यातून हात बाहेर काढून काळा कोट देतात. मलाही दिला.

ती म्हणाली, "हनुवटी खाली. खांदे सैल. श्वास सोडा." मी तो मगाशीच घ्यायचा विसरलो होतो, सोडणार कुठून.

पाकिटावर लिहिलं होतं आठ प्रती. इकडे येऊन मोजल्या तर सात. तडक परत गेलो. ती म्हणाली, आठवा खराब निघाला. मी म्हटलं, मग पाकिटावर आठ कशाला लिहायचं? ती लालबुंद झाली. म्हणाली, "बरं तिकीटमास्तर, खोडते." आणि खोडून सात केलं. चिडली असणार. चिडू दे. मीही चिडलोय.

(घरी येताना वाटलं, एका फोटोसाठी कशाला भांडलो. जाऊ दे.)

५ फेब्रुवारी

मामाची अक्कलदाढ काढली. चार-पाच दिवस ऑफिस माझ्याकडे.

सकाळी शिंपीकाका आणि काकू आले. येत्या बावीस तारखेला दोघं बर्फ बघायला चाललेत. काकांनी तीस वर्षं थंड देशांत जाणाऱ्या लोकांचे ओव्हरकोट शिवले, स्वतः बर्फ फक्त घरच्या फ्रिजमधला पाहिलाय. काकूंनीच हट्ट धरला, आता दोन कोट आपल्यासाठी शिवा. त्या देशाचा व्हिसा मामाने मिळवून दिलाय, तिकिटं तेवढी राहिली होती. मामाने जाताना एकाच तिकिटावरचा प्रवास काढून ठेवला होता, मधे एका देशात विमान बदलून. मी भाडं वाचून दाखवलं. काका गळ्यातली मोजपट्टी बोटाभोवती गुंडाळत राहिले. काकू म्हणाल्या, "मग पुढच्या वर्षी बघू." असं म्हणणाऱ्यांचं पुढचं वर्ष कधी येत नाही, हे मला चार महिन्यांत कळलंय.

तेवढ्यात त्यांची मुलगी चावी मागायला आली आणि दारातच उभी राहिली.

मग मी काय गप्प बसतो? मी म्हटलं, उद्यापर्यंत थांबा काका, मी बघतो.

६ फेब्रुवारी

जमलं! इथून मधल्या देशापर्यंत एका कंपनीचं तिकीट, तिथून पुढे दुसऱ्या कंपनीचं. वेगवेगळी काढली की भाडं जवळजवळ निम्म्यावर येतं. तीच गावं, तोच दिवस, मधे पाच तासांचा अवकाश. मामा तीस वर्षं या धंद्यात आहे आणि त्याला हे सुचू नये? काढून टाकली तिकिटं. रद्द न होणारी होती, पण रद्द करायचंय कुणाला?

काकू इतक्या खूश झाल्या की त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ती पडद्याला टेकून उभी होती. म्हणाली, "तिकीटमास्तर एकदम हुशार आहेत हं." चेष्टा होती की काय, ते चार वेळा आठवून बघितलं. अजून ठरत नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यात गेली. तो फ्रेमवाला. गल्लीच्या टोकाला त्याचं दुकान आहे, पण दिवसातून दोनदा तिच्या स्टुडिओत पडीक. आज तिच्यासाठी एक फ्रेम बनवून आणली होती, काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी. एवढ्या फ्रेममध्ये लावायचं काय, मुंगीचा फोटो? माणूस वेडा आहे. आणि तिने ती हसत हसत घेतली, लगेच ड्रॉवरमध्ये टाकली.

१० फेब्रुवारी

मामा आला. गाल सुजलाय, बोलायला बंदी आहे. चिठ्ठ्या लिहितो. मी तिकिटं मोठ्या तोऱ्याने त्याच्यासमोर ठेवली. त्याने चष्मा लावला, दोन्ही नीट वाचली आणि चिठ्ठी लिहिली:

"मधे बॅगा कोण उचलणार?"

मी म्हटलं, कंपनी. त्याने त्याच चिठ्ठीवर खाली लिहिलं, "कोणती?" आणि चहाला निघून गेला.

मी दोन्ही कंपन्यांचे नियम उघडून बसलो. एकच तिकीट असतं तर बॅगा इथून थेट शेवटपर्यंत गेल्या असत्या. तिकिटं वेगळी आणि कंपन्यांचा आपसात करार नाही, म्हणून पहिली कंपनी बॅगा मधल्या विमानतळावरच उतरवणार. त्या घ्यायला पासपोर्ट तपासणीतून बाहेर यायचं, पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, पुन्हा दुसऱ्या कंपनीला द्यायच्या. आणि बाहेर यायचं म्हणजे त्या देशात शिरायचं. म्हणजे त्या देशाचा व्हिसा.

व्हिसा कचेरीची पहिली मोकळी तारीख सव्वीस फेब्रुवारी. प्रवास बावीसला.

मामा चहा पिऊन आला, त्याने माझ्याकडे बघितलं, खिळ्यावरची वही काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. मी ती परत खिळ्याला टांगली. अजून काही झालेलं नाही, मी निस्तरतो, असं म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो.

११ फेब्रुवारी

व्हिसा कचेरीत स्वतः गेलो. खिडकीतल्या बाईंना सांगितलं, फक्त बॅगा उचलायच्या आहेत हो, राहायचं कुणाला आहे तुमच्या देशात. त्या म्हणाल्या, सव्वीस तारीख. मी म्हटलं, तुमचा देश काय पळून चाललाय का? सुरक्षारक्षकाने मला दंडाला धरून बाहेर आणून सोडलं. तेही फार प्रेमाने.

दुपारी आधीच्या एका तिकिटावरच्या प्रवासाचा भाव पुन्हा काढला. दुप्पट झालाय. मामाकडून चिठ्ठी: "काकांना सांगितलंस?" मी मान हलवली. त्याला ती होय वाटली की नाही, मला माहीत नाही. मला स्वतःला माहीत नाही मी कशी हलवली.

१२ फेब्रुवारी

सांगितलं.

सकाळपासून पाच वेळा रस्ता ओलांडला आणि पाच वेळा परत आलो. सहाव्यांदा ती दारात आली आणि म्हणाली, रस्ता मोजताय का? मग आत जावंच लागलं.

पडद्यामागे काका मशीनवर होते. ते मशीन मी कधी बंद ऐकलेलं नाही. गिऱ्हाईक बोलत असतं, काका हूं हूं करत असतात, मशीन चालूच. मी सगळं एका दमात सांगितलं. तिकिटं वेगळी काढली, बॅगा मधे उतरणार, व्हिसा लागणार, तारीख नाही, तिकिटं परत जात नाहीत, चूक माझी, मामाला तेव्हा माहीत नव्हतं.

मशीन थांबलं.

त्यांनी ओरडावं म्हणून मी वाट बघत होतो. ओरडले असते तर मला जमलं असतं, ओरडण्याला उत्तर देण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. पण काकांनी नुसती मशीनची सुई वर घेतली. त्यांच्या मांडीवर काकूंचा कोट होता, एक बाही लावायची राहिलेला. काकू खाली बसून काजं करत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे बर्फ नाही?"

एवढंच. मला वाटलं खिडकी असती तर आत्ताही तिच्यातून काहीतरी फेकलं असतं. बहुतेक स्वतःलाच.

तेवढ्यात पडद्याच्या पलीकडून तिचा आवाज आला. "बॅग उचलायची म्हणून बाहेर जायचं ना? मग बॅग नसलीच तर?"

मी उसळलोच. म्हटलं, बर्फात बारा दिवस बॅगेशिवाय कोण जातं? ओव्हरकोट काय खिशात घालून नेणार? लोकरीचे कपडे, बूट, सगळं हातातल्या सात किलोंच्या बॅगेत? तुला विमानातलं काय कळतं?

ती म्हणाली, "विमानातलं नाही कळत. विचारून बघा म्हणतेय."

१३ फेब्रुवारी

विचारलं. मधल्या देशाचा नियम असा: विमानतळाच्या आतच राहिलात, पासपोर्ट तपासणी ओलांडली नाही, पुढचं विमान चोवीस तासांच्या आत असलं आणि पुढच्या देशाचा व्हिसा हातात असला, तर आपल्या पासपोर्टवाल्यांना व्हिसा लागत नाही. म्हणजे ती म्हणाली तेच.

पण दुसऱ्या कंपनीने बोर्डिंग पास आतल्या आत द्यायला हवा. तो बाहेरच्या काउंटरवरच मिळत असेल तर सगळं मुसळ केरात. त्या कंपनीला तीन वेळा फोन केला. पहिल्यांदा त्यांनी गाणं ऐकवलं. दुसऱ्यांदा, बहुतेक मिळेल, म्हणाले. मी म्हटलं, बहुतेक म्हणजे काय, विमान बहुतेक उडतं का तुमचं? फोन कट. तिसऱ्यांदा मी नमस्कार म्हणायच्या आतच कट. माझा नंबर लिहून ठेवला असणार.

१४ फेब्रुवारी

तिने मला स्टुडिओत बोलावलं आणि पांढऱ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर बसवून तिच्या फोनवरून नंबर लावला. स्वतः कॅमेऱ्यामागे उभी राहिली. पलीकडच्या बाई म्हणाल्या, सर, हे आम्ही फोनवर सांगू शकत नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तोंड उघडणार, तर ती हात वर करून नुसती ओठांनी म्हणाली, हनुवटी खाली. खांदे सैल. श्वास सोडा.

सोडला. आणि मी म्हणालो, ताई, दोन साधी माणसं आहेत, आयुष्यात पहिल्यांदा चालली आहेत, चूक त्यांची नाही, माझी आहे. तुम्ही मला फक्त लेखी उत्तर कुणाकडून मिळेल ते सांगा.

त्यांनी पत्ता दिला. मेल पाठवली. वीस मिनिटं बोललो आणि एकदाही ओरडलो नाही. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "फोटो काढायला हवा होता." मग तो फ्रेमवाला आला आणि सगळा विचका झाला. मला बघून हसला. तिने त्याच्यावर डोळे वटारले. यांचं काय चाललंय कुणास ठाऊक.

१७ फेब्रुवारी

उत्तर आलं. "आमच्या आतील हस्तांतर कक्षात, सोबत सामान जमा केलेले नसल्यास, बोर्डिंग पास मिळेल." तीन प्रती छापल्या. मामाने एक घेऊन पुन्हा वाचली आणि चिठ्ठी लिहिली, "बरं." मामाच्या चिठ्ठ्यांमध्ये याला बक्षीस समजतात.

आता सात किलो.

काकूंनी न्यायच्या वस्तूंची यादी केली होती, त्यातलं सगळं शेजारच्या कुरिअरवाल्याच्या वजनकाट्यावर चढवलं तर दोघांचं मिळून सव्वीस किलो भरलं. ते चौदात बसवायचं. काकांनी यादी बघितली, मग दोन्ही ओव्हरकोट टेबलावर उलटे पसरले आणि मला विचारलं, "अंगावर घातलेल्या कपड्याचं वजन करतात?"

मी म्हटलं, नाही. नियम वाचला होता.

त्यांनी मोजपट्टी काढली. अस्तर उसवलं. आणि तेव्हापासून ते मशीन थांबलेलं नाही.

१९ फेब्रुवारी

प्रत्येक कोटाला आतून चौदा खिसे. मोज्यांचे, औषधांचे, कानटोपीचे, चार्जरचे, पाठीवर स्वेटर सपाट बसेल असा एक भला मोठा, आणि बगलेत एक चिमुकला, काकूंनी मागून घेतलेला. काय ठेवणार विचारलं तर म्हणाल्या, तुला काय करायचंय.

काकांनी सगळे खिसे भरून काकूंचा कोट मला घालून बघायला दिला. मी दुकानातून रस्त्यापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. अंगात कपाट घातल्यासारखं वाटतं. ती हसून हसून खाली बसली. मीही हसलो असतो, पण कोटात हसायला जागा नव्हती.

हातातल्या बॅगा: एक सहा किलो नऊशे, एक सहा किलो आठशे. बुटांवर काकू अडून बसल्या होत्या, आता पायातच घालून जाणार आहेत.

२२ फेब्रुवारी

सकाळी आठलाच ऊन तापलं होतं आणि विमानतळावर सगळे लोक सुती कपड्यांत, मधे काका आणि काकू ओव्हरकोटात, पायात बर्फाचे बूट. लहान मुलं थांबून बघत होती. ती आणि मी सोडायला गेलो होतो, मामाही आला, सूज उतरली तरी न बोलता.

काउंटरच्या आत जायला मला परवानगी नव्हती, पण कठड्याबाहेरून ऐकू येत होतं. काउंटरवरच्या मुलीने तिकीट बघितलं, म्हणाली, पुढचं वेगळ्या कंपनीचं आहे, मधल्या देशाचा व्हिसा? काकांनी मी दिलेला त्या कंपनीच्या उत्तराचा कागद पुढे केला. तिने वाचला आणि मान हलवली, म्हणाली, मला असं माहीत नाही. माझं रक्त उसळलं. मी कठड्यावर हात ठेवला, पाय टाकणारच होतो, आणि शेजारून हळूच ऐकू आलं, "हनुवटी."

उतरवली. कठड्याबाहेरूनच म्हणालो, मॅडम, तुमच्या साहेबांना एकदा दाखवाल का, खाली मधल्या देशाच्या नियमाचा क्रमांकही लिहिलाय. ती आत गेली. अकरा मिनिटं. मी घड्याळ बघत होतो, काकू कपाळावरचा घाम पुसत होत्या, आणि मामा वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होता. साहेब आले. कागद वाचला, पुढच्या देशाचा व्हिसा बघितला, काकूंच्या कोटाकडे बघितलं. विचारलं, सामान? काकू म्हणाल्या, "हे काय, अंगावर." साहेब हसले आणि शिक्का मारला.

सुरक्षा तपासणी काचेतून दिसत होती. कोट काढा म्हणाले. मग चौदा खिसे रिकामे करायचं सुरू झालं. एकेक वस्तू ट्रेमध्ये. मोजलं, काकूंचे सात ट्रे. मागची रांग आधी वैतागली, मग मदत करू लागली. शेवटी बगलेतल्या खिशातून काकूंनी रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, घाईने पुन्हा गुंडाळलं, आमच्याकडे बघितलं आणि हात हलवला. आरसा असावा. ती मात्र काचेला नाक लावून बघत होती. एकदम म्हणाली, "आई ते कशाला घेऊन गेली?" आणि नंतर परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही. आईबाबा गेल्याचं वाईट वाटलं असणार.

दुपारी साडेतीनला मेसेज आला. मधल्या विमानतळावर काका आणि काकू, हातात दोन बोर्डिंग पास, मागे हस्तांतर कक्षाची पाटी. खाली काकांनी लिहिलं होतं: "बाहेर गेलो नाही. चहा वाईट आहे."

मामा खुर्चीत मागे रेलला आणि अठरा दिवसांत पहिल्यांदा तोंडाने बोलला. "आता लिही."

मी वही काढली. चूक क्रमांक बेचाळीस. वेगवेगळी तिकिटं काढताना मधे बॅगा कोण उचलणार ते बघितलं नाही. कशी कळली: मामाच्या चिठ्ठीने. वाटलं होतं फार लागेल. तेवढं नाही लागलं.

२७ फेब्रुवारी

काकांचा मेसेज: बर्फ पडला. काकू रडल्या, मग त्यांनी गोळा करून काकांना मारला. मी समोर जाऊन तिला वाचून दाखवलं. तिच्याकडे आधीच आला होता, तरी पुन्हा ऐकला.

फ्रेमवाल्याचं लग्न ठरलंय. त्याच्या मावसबहिणीच्या मैत्रिणीशी. आज त्याने स्वतः येऊन सांगितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, तू कधी शहाणा होणार? माणूस बरा आहे. थोडा आगाऊ आहे.

९ मार्च

काका-काकू परवा आले. काकांनी तिसरा रकाना भरला: "कोट गरम. बर्फ खरा. पोराने तोंडावर येऊन सांगितलं."

आज दुपारी काकू एकट्या ऑफिसात आल्या. एक पाकीट टेबलावर ठेवलं. वर लिहिलेलं, आठ प्रती. म्हणाल्या, "मोजून घे बाबा, तू मोजणारा माणूस आहेस." आणि गेल्या.

बर्फाचे फोटो. डोंगर, घसरलेले काका, पुन्हा घसरलेले काका, सूप पिणारे दोघं. या खेपेला पूर्ण आठ होते. आठव्यात दोघं कोट घालून बर्फात उभी होती, आणि काकूंनी छातीशी काहीतरी धरलं होतं, काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं. मामाच्या ड्रॉवरमधलं पासपोर्टवरचे शिक्के वाचायचं भिंग काढलं.

फ्रेम होती. फ्रेममध्ये दुसऱ्याचा काळा कोट घातलेला, हनुवटी वर केलेला, श्वास रोखलेला एक रागीट माणूस.

मी भिंग शर्टाला पुसून पुन्हा बघितलं. मामाने पंखा माझ्याकडे वळवला. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

मग मी वही खिळ्यावरून काढली आणि क्रमांक त्रेचाळीस लिहिला. चूक: आठ फोटोंऐवजी सात मिळाले म्हणून फोटोवालीशी भांडलो. कशी कळली: भिंगाने. वही घेऊन रस्ता ओलांडला. एकाच दमात.

ती कुणाचा तरी फोटो कापत होती. मी वही तिच्यासमोर धरली. तिने वाचली. पडद्यामागे मशीन थांबलं. रस्त्यावरची सायकल ऐकू आली. मग मशीन पुन्हा सुरू झालं, नेहमीपेक्षा जोरात, मुद्दाम काही ऐकू येऊ नये इतक्या जोरात.

तिने माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं:

"आठवा परत मिळणार नाही."